एक सुई कमी

टाकेबाईंनी पिनकुशन दुसऱ्यांदा मोजलं, तेव्हाही सुई एक कमीच भरली. तिसऱ्यांदा मोजण्याआधी त्यांनी चष्मा पुसला, जणू तो चष्माच सुई गिळून बसला होता. पण नाही. लाल टोमॅटोच्या आकाराच्या त्या पिनकुशनवर जिथे सोनेरी नेढ्याची आखूड सुई टोचलेली असायची, तिथे एक बारीक भोक उरलं होतं आणि ते भोक त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

टाकेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. गोधड्या शिवायचा नाद त्यांना असा, की घरातला कपडा जुना व्हायची वाट बघत बसणं त्यांना जमत नसे. त्या त्याला म्हातारपणाकडे हलकेच ढकलत. त्यांचे यजमान हल्ली बाहेर जाताना कपाटाला कुलूप लावून जात. गल्लीतल्या हौशी बायकांचं 'ऊब मंडळ' टाकेबाईंनीच काढलं, अध्यक्षपदी स्वतःला एकमताने निवडलं आणि पहिला नियमही स्वतःच केला: सुया मोजल्याशिवाय गोधडी घराबाहेर पडणार नाही. औषधवाल्याची बायको एकदा या नियमाला चुकली, तर टाकेबाईंनी तिला सगळ्यांसमोर असं काही सुनावलं, की ती अजूनही मंडळात शेवटच्या खुर्चीवर बसते. दाराजवळ.

आणि आता टाकेबाईंची स्वतःची गोधडी आदल्या संध्याकाळी घराबाहेर पडली होती. सुया न मोजता. तीही कुणाकडे, तर विहीणबाईंकडे.

मुलीच्या सासूबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. त्या खोलीत शिरल्या की पडदेसुद्धा सरळ उभे राहत. त्यांच्या वाढदिवसाला द्यायची म्हणून टाकेबाईंनी वर्षभर खपून ती गोधडी शिवली होती. विहीणबाईंनी घडी उलगडली, नाडी बघावी तशी दोन बोटांनी शिवण चाचपली आणि विचारलं, "मशीनची का?"

टाकेबाईंच्या काळजाचं जे झालं ते झालं. तोंडाने त्या म्हणाल्या, "हातची आहे हो. माझ्या हातून एक दोरा सुटायचा नाही."

दोऱ्याबद्दल बोलल्या ते खरंच होतं. सुईबद्दल त्यांनी शब्द दिला नव्हता.

"अहो," त्यांनी यजमानांना हाक मारली. "शेवटची कड शिवताना तुम्ही टोक धरून बसला होतात ना? माझी सुई कुठे गेली?"

"मी टोक धरलं होतं. सुई तुझ्या हातात होती. तेवढ्यात बेल वाजली नि तू उठलीस."

"उठताना मी ती कुठे टोचली?"

"तू काय, दिसेल तिथे टोचतेस. पडद्याला, गादीला. एकदा माझ्या मांडीला."

यजमानांचं आयुष्य कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात गेलं होतं. ज्या वस्तूचा अजून स्फोट झालेला नाही, ती फक्त वेळ बघतेय, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. तपकिरी स्वेटर घालून, हातात टॉर्च धरून ते सोफ्याखाली रांगले. दोन बटणं निघाली, पेनाचं एक टोपण निघालं, सुई नाही.

"म्हणजे ती गोधडीतच," जमिनीवर बसूनच त्यांनी निकाल दिला. "आणि सुई एकदा अंगात शिरली की थांबत नाही बरं. चालत राहते. थेट काळजापर्यंत."

"कुणाच्या?"

"गोधडीवर जो झोपेल त्याच्या."

त्या क्षणी टाकेबाईंच्या मनात नेमकं काय आलं, हे त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. पण लगेच डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. सुई टोचायची सासूला एकदा, आणि टोचत राहायची लेकीला जन्मभर. 'तुझ्या आईने सुई घालून गोधडी दिली' हे वाक्य त्या घरात चहाच्या प्रत्येक कपाबरोबर फिरलं असतं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"काय गं, विहीणबाईंना झोप कशी लागली?"

"लागली की. का?"

"नाही, सहज. कूस बदलताना काही... म्हणजे, कण्हल्या वगैरे नाहीत ना?"

"त्या रोजच कण्हतात. गुडघे आहेत. आई, काय झालंय?"

"काही नाही गं बाई. आईने चौकशी केली तरी पाप. आम्ही येतोय, गोधडीला एकदा ऊन दाखवायचं राहिलंय."

"बाहेर आभाळ आलंय."

"येईपर्यंत जाईल," म्हणून टाकेबाईंनी फोन ठेवला.

यजमानांनी माळ्यावरून चुंबक काढलं. नालेच्या आकाराचं, चांगलं वीतभर. बॉयलरमध्ये पडलेले नटबोल्ट काढायचं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना तेच भेट दिलं होतं, घड्याळ महाग पडत होतं म्हणून. टाकेबाईंनी ते फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. बेत सोपा होता. यजमानांनी विहीणबाईंना बाहेर बोलण्यात गुंतवायचं, टाकेबाईंनी आत जाऊन गोधडीवरून चुंबक फिरवायचं, सुई टक् करून चिकटली की पदराआड. बसमध्ये खिडकीशी बसून त्या आपली नेहमीची ओवी पुटपुटत राहिल्या. शिवताना म्हणायची म्हणून त्यांनीच जुळवली होती; आज ती हातात काम नसतानाच ओठांवर आली.

सुई पुढे चाले, दोरा तिच्या मागे,
लेक नांदते जिथे, जीव माझा जागे.

विहीणबाईंनी दार उघडलं. पाणी दिलं. यजमानांनी बोलण्यात गुंतवायला सुरुवात केली, म्हणजे गीझर कसा फुटतो ते सांगायला घेतलं. टाकेबाई "गोधडी कशी दिसतेय बघून येते" म्हणत आतल्या खोलीत सटकल्या.

गोधडी पलंगावर अंथरली होती, एक सुरकुती नाही, कोपरे इस्पितळाच्या पद्धतीने दुमडून गादीखाली खोचलेले. आपल्या गोधडीची अशी वॉर्डातली चादर झालेली बघून टाकेबाईंना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना भरून आलं. आपल्या जुन्या साडीची फुलं अशी शिस्तीत झोपलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी डोळे टिपले, चुंबक काढलं आणि मधून फिरवत, कुरवाळत कडेपर्यंत आणलं.

टक् नाही झालं. धाड् झालं.

विहीणबाईंचा पलंग लोखंडी होता. इस्पितळाने जुने पलंग विकायला काढले, तेव्हा सवय मोडू नये म्हणून त्यांनी एक घरी आणला होता. चुंबकाने पलंगाची कड गोधडीसकट अशी पकडली, जसा एखादा दूरचा नातेवाईक लग्नात पकडतो. टाकेबाईंनी ओढलं. पलंग हलला, चुंबक नाही.

"काय पडलं?" बाहेरून आवाज आला, आणि आवाजापाठोपाठ पावलं.

टाकेबाईंना दुसरं काही सुचलं नाही. त्या चुंबकावर आडव्या झाल्या.

"विहीणबाई?" दारातून प्रश्न आला.

"चक्कर आली हो जरा," डोळे मिटून त्या म्हणाल्या.

आता, ज्या बाईने सारी नोकरी वॉर्डात काढली, तिच्यासमोर चक्कर येणं म्हणजे ठाणेदारासमोर पाकीट मारणं. विहीणबाई गुडघे विसरल्या. पायांखाली उशा आल्या, खिडकी उघडली, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला गेला. लेक लिंबूपाणी घेऊन दारात उभी राहिली आणि आईकडे बघून तिने कपाळाला हात लावला.

"हलायचं नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही हलत," टाकेबाई अगदी मनापासून म्हणाल्या. कमरेखाली चुंबकाचं टोक असं रुतलं होतं, की हलणं त्यांच्या हातात उरलंच नव्हतं.

"रक्तदाब तर माझ्यापेक्षा बरा आहे. मग चक्कर कशाची?"

"हिला कधीकधी येते," यजमान दारातून मदतीला धावले. "तपासणी टाळली की असंच होतं. बॉयलरचंही तेच."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "जरा कुशीवर वळा बघू, पाठ बघते," आणि उत्तराची वाट न बघता सरावलेल्या हाताने टाकेबाईंना चपातीसारखं उलटवलं.

चुंबक सगळ्यांना दिसलं. लेकीने लिंबूपाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"कंबरेसाठी असतं ते," यजमान म्हणाले. "चुंबकाचा उपचार."

"यावर 'बॉयलर विभाग' लिहिलंय."

"त्यांचाही कंबरेचा विभाग असतो," यजमान म्हणाले आणि लगेच बाहेर जाऊन पाणी प्यायले.

विहीणबाईंनी चुंबक ओढलं नाही. एका बाजूला सरकवलं. ते निमूट सुटलं. ते टाकेबाईंच्या पिशवीत ठेवून त्या कपाटाकडे गेल्या आणि कापसात गुंडाळलेली पुडी घेऊन परतल्या.

"हीच शोधताय ना?"

कापसातून सुईचं टोक चमकलं. टाकेबाईंनी बघितलं न बघितलं, पुडी मुठीत घेतली. जमीन दुभंगायची तर हीच वेळ होती, पण जमीनही विहीणबाईंना घाबरत असावी.

"टोचली का हो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवला. "थोडीशी," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. आमच्याकडे पोटात कात्री राहिलेली पाहिलीय मी. सुईचं काय एवढं."

परतीच्या वाटेवर टाकेबाईंनी ओवी म्हटली नाही. बसमध्ये त्या हिशेब मांडत होत्या: विहीणबाईंनी चारचौघांत हे किती वेळा आणि कसं कसं सांगायचं ठरवलं, तर आपण किती वर्षं मान खाली घालायची. मंडळात त्यांनी स्वतःची खुर्चीही नजरेने बघून ठेवली. दाराजवळ, औषधवाल्याच्या बायकोशेजारी.

घरी आल्यावर यजमानांनी पिशवीतून चुंबक काढलं, मुलाला घ्यावं तसं छातीशी धरलं आणि माळ्याकडे निघाले. दोन पावलं गेले नि थांबले.

टक्.

"अगं," ते हळूच म्हणाले, "इकडे ये जरा. मी हलत नाही."

चुंबकाच्या टोकाला, स्वेटरच्या बाहीतून अर्धवट बाहेर येऊन, एक आखूड सुई चिकटली होती. सोनेरी नेढ्याची. बेल वाजली त्या घटकेला टाकेबाईंना जवळात जवळ जे कापड दिसलं, ते यजमानांच्या दंडावर होतं. त्यानंतर ती सुई सोफ्याखाली रांगली होती, बसने गेली होती, विहीणबाईंकडे पाणी पिऊन आली होती.

टाकेबाईंनी घाईघाईने पुडी सोडली. आतली सुई लांब होती, साधी, पांढऱ्या नेढ्याची. असली सुई त्यांनी आयुष्यात वापरली नव्हती.

"मग ही कुणाची?" यजमान म्हणाले.

त्याचं उत्तर लेकीकडे होतं. फोनवर ती आधी पोटभर हसली.

"तू ऊन दाखवायला निघालीस ना, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, तुझी आई खरी कशाला येतेय. मी म्हटलं, सुई हरवली असणार. त्यांनी अख्खी गोधडी उलटसुलट चाचपली, बोट न् बोट. काही नव्हतं. मग मला म्हणाल्या, शिवणाच्या डब्यातली एक सुई कापसात बांधून ठेव. नाही सापडली तर ती बाई झोपायची नाही."

"अगं पण त्या तर म्हणाल्या, टोचली."

"तेही मी विचारलं. म्हणाल्या, नुसतं चांगलं वागून कसं चालेल, शेवटी विहीण आहे."

टाकेबाईंनी फोन ठेवला. मग पेटी उघडून त्यांनी मऊ फडकी निवडायला घेतली. यजमान धावत जाऊन कपाटाचं कुलूप ओढून बघून आले.

"घाबरू नका, माझंच पातळ आहे," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंच्या गुडघ्यांवर घ्यायला छोटी गोधडी. एवढी थंडी असते त्या खिडकीशी."

त्या आठवड्यात ऊब मंडळात औषधवाल्याच्या बायकोला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. का, ते कुणालाच कळलं नाही, आणि अध्यक्षांना विचारायची पद्धत नव्हती.

गोधडी पुरी झाली तेव्हा यजमानांनीच आठवण केली. "सुया मोजल्यास का?"

"मोजल्या. एक जास्त आहे."

"मग ती कुठे ठेवलीस?"

टाकेबाईंनी गोधडीचा कोपरा उलटून दाखवला. तिथे, पहिल्याच नजरेला दिसेल अशी, पांढऱ्या नेढ्याची लांब सुई टोचलेली होती, दोऱ्यासकट. त्यांनी घडी घातली आणि पार्सल रवाना केलं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला.

"पोचली," त्या म्हणाल्या.

"टोचली का हो?" टाकेबाईंनी विचारलं.



"थोडीशी," विहीणबाई म्हणाल्या.