आधी बूड टेकव!

रेव्हरंड शांतवन साळवे आमच्या दवाखान्यात यायचे ते काखेत एक हिरवं लाकडी स्टूल मारून. इतर पाळकांच्या काखेत बायबल असतं, ह्यांच्या काखेत स्टूल. मागनं पाच-सहा पोरं, त्यांच्याही हातात एकेक स्टूल. पहिल्या दिवशी मी वॉर्डाच्या दारातच आडवी आले. म्हटलं, "पंगत बसवायचीय का काय इथं?"

"न्हाई सिस्टर, पोरं बसवायचीत," ते म्हणाले. "ह्यांना बोलायला येतं, बसायला येत न्हाई."

मी शिंदे सिस्टर. बीडजवळ साखर कारखान्याच्या सभासदांनी काढलेला सहकारी दवाखाना होता, तिथं बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज. सगळी हयात त्या वॉर्डात उभ्यानं काढली. माझ्या जिभेला धार आहे म्हणतात. असेल बाई! वॉर्ड काय लाडानं चालतो होय?

तर साळवे साहेब सेमिनरीतली, म्हणजे पाळक व्हायला शिकणारी पोरं आमच्याकडं आणायचे. आजाऱ्यापाशी कसं जावं, काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, हे शिकवायला. मग तो आजारी कुठल्याही देवाला मानणारा असो. नाव शांतवन, पण आवाज बैलबाजारातला. एखादं पोरगं खाटेपाशी उभं राहून बोलायला लागलं की हे दारातनं ओरडायचे, "उभ्यानं काय इचारतो बे? पंचनाम्याला आलास का? आधी बूड टेकव!"

दुष्काळाची सालं होती. पंचनाम्याला येणारे बांधावर उभ्या उभ्या लिहून जायचे, ते सगळ्यांनी बघितलेलं. त्यामुळं अख्खा वॉर्ड खुदकन हसायचा, आणि ते पोरगं मुकाट्यानं बसायचं.

नियम फार नव्हते. बायबल खिशात ठेवायचं. आधी पेशंटला पाणी विचारायचं. 'पाऊस झाला का' हे तोंडातनं काढायचं नाही, 'टँकर येतो का' एवढंच विचारायचं. आणि जे बोलणं होईल ते वहीत जसंच्या तसं लिहून आणायचं. दुपारी लिंबाखाली त्या वह्यांचं जाहीर वाचन व्हायचं. मी औषधं मोजायचं निमित्त काढून खिडकीशी थांबायची. योहान नावाच्या लाजऱ्या पोरानं लिहिलं होतं:

'मी: आजी, देव तुमच्यावर प्रेम करतो. आजी: बरं. त्यो तांब्या हिकडं सरकव.'

खाली साहेबांनी लाल शाईनं शेरा मारला होता: 'आजी पास. तू नापास.'

त्यांची एक खोड मात्र मला कळायची नाही. दाराजवळची सहा नंबरची खाट ते पोरांना देत नसत. तिथं स्वतः बसायचे. खाट रिकामी असली तरी हिरवं स्टूल टाकून अर्धा तास तिथंच. मला वाटायचं, पोरांना कामाला लावून म्हातारा डुलकी काढतो.

एकदा कुणीतरी दवाखान्याच्या चेअरमनचे कान भरले. म्हणे ही पोरं पेशंटला बाटवतात. चेअरमनचा निरोप आला, "सोमवारी मी स्वतः येतो, बघतो, मग ठेवायचं का बंद करायचं ते ठरवतो." साळवे साहेबांचा आवाज मी पहिल्यांदा खाली गेलेला ऐकला. "सिस्टर, हे बंद झालं तर ह्यांना बसायला कुठं शिकवू? पुस्तकात?"

आणि नेमकं सोमवारीच सखूआजी अडून बसली. ही पालीची. टँकरपाशी रेटारेटीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, आणि आजी म्हणते, नारायणगडाचा बुक्का कपाळाला लागल्याशिवाय मी आत जाणार नाही. साहेबांनी योहानला हाक मारली. "गडावर जा, आजीच्या नावानं पाया पड आन बुक्का घेऊन ये."

"अहो, आज?" मी ओरडले. "चेअरमन यायचेत!"

"येऊ द्या की. आजीचं हाड थांबंल का?"

योहान घाबरला. "सर, सेमिनरीत कळलं तर?"

"येवढ्यानं रुसणारा हाय का तुझा देव? पळ, यष्टी सुटंल."

दुपारी पोरगं परत आलं, घामानं निथळत. पुडी सोडली तर आजीनं पहिलं बोट त्याच्याच कपाळाला टेकवलं. "उन्हातानाचा गेलतास रे लेकरा." मग स्वतःला लावलं आणि त्याला हरिपाठ म्हणायला बसवलं. ती एक ओळ म्हणणार, हा अडखळत मागनं म्हणणार. "चुकलास. पयल्यापासून म्हण," आजी म्हणाली, आणि त्याच वेळी चेअरमन चार संचालकांना घेऊन आत आले.

काय बघतात तर सेमिनरीचं पोर, गळ्यात क्रूस, कपाळावर काळाशार बुक्का, हात जोडलेले.

चेअरमननी दोनदा बघितलं. मग एवढ्या मोठ्यानं हसले! "साळवे, तक्रार उलटी लिवायला पायजे. हितं आजीच पोराला बाटवाय लागलीय!"

सगळा वॉर्ड हसला. आजी तेवढी हसली नाही. "कोन हाय रे त्यो? उभ्यानं बोलू नको. आधी बूड टेकव."

साहेबांनी हिरवं स्टूल पुढं सरकवलं. चेअरमन बसले. आजीनं अर्धा तास त्यांना पालीच्या टँकरचं सगळं ऐकवलं, संचालक उभेच. उठताना चेअरमन एवढंच म्हणाले, "चालू द्या."

आज साहेबांची पोरं कुठल्या कुठल्या दवाखान्यांत आजाऱ्यांपाशी बसतात. बसायला शिकली ती माझ्या वॉर्डात. हे मी भेटेल त्याला छाती फुगवून सांगते.

त्या दिवशी पोरं नाचत बाहेर गेली आणि साहेब स्टूल उचलून सहा नंबरपाशी जाऊन बसले. खाट रिकामीच होती. मी म्हटलं, "आता तरी सांगा, काय आहे ह्या खाटेत?"

"तुमाला ध्यानात न्हाई, सिस्टर. माझी मंडळी हितंच होती." ते चादरीची सुरकुती काढत राहिले. "शेवटच्या दिवशी मी प्रार्थना केली. उभ्यानं, डोळे मिटून. लई मोठी. सगळ्या जिल्ह्यासाठी पाऊस मागितला. तिनं दोनदा कोट वढला. म्हनली, 'बसा की वो जरा.' तुमी मागनं स्टूल बी सरकवलं. मी हातानंच थांबा म्हनलो. आमेन म्हनून डोळे उघडले, तर ती गेलती."

मला काही म्हणजे काही आठवेना. मी हजार लोकांना स्टूल सरकवलं असेल. खाली बघितलं तर स्टुलाच्या पायाचा हिरवा रंग उडालेला, आणि आत आमच्या दवाखान्याचा पांढरा रंग. दरवर्षी सामानाच्या मोजणीत एक स्टूल कमी भरायचं आणि मी आयाबाईला फाडून खायची, ते हेच.

"बोला, सिस्टर," ते म्हणाले. "परत देऊ का?"

मी कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले. ड्यूटीवर असताना पहिल्यांदा.