राहतं घर राहतं नसणेबाबत

विषय : श्री. बद्रीनाथ वाघचौरे, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, यांचं हर्सूल रस्त्यावरील राहतं घर राहतं नसणेबाबत.

संदर्भ : नात कु. मनवा, इयत्ता पहिली, हिचं मागच्या दिवाळीतलं तोंडी म्हणणं की, "आजोबांच्या घरात कुणी राहतच नाही."

उपरोक्त विषयी हकीकत अशी, की मनवा दर दिवाळीला पुण्याहून यायची, हर्सूल रस्त्याला एक रात्र काढायची अन् उरलेली सगळी सुट्टी कन्नडला दुसऱ्या आजोबांकडं घालवायची. तिकडं वासरू होतं, ऊस होता, आंब्याला झोका होता. बद्रीनाथरावांकडं बँकेचं कॅलेंडर होतं. मागच्या वर्षी पोरीनं सगळ्या खोल्यांतून एक चक्कर मारली, दारात येऊन वरील शेरा दिला आणि कन्नडच्या जीपमध्ये जाऊन बसली. तिची आजी आशाबाई हसल्या. बद्रीनाथरावांना काही हसू आलं नाही. यंदा पोरगी पुरी सुट्टी इथं राहिली पाहिजे, असं त्यांनी मनोमन ठरवलं आणि बाहुलीघराचं काम काढलं.

हर्सूलच्या कडूबा सुताराकडं लिलावात घेतलेलं कुठल्याशा कचेरीचं टेबल पडून होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीचं, निजामाच्या राज्यातलं सागवान. त्यातून त्यानं घर उभं केलं. नकाशा बद्रीनाथरावांनी स्वतःच्याच घराचा दिला, कारण समोर असलेल्या प्रतीवरून हुबेहूब दुसरी प्रत काढणं ही एकच कला त्यांना अवगत होती. ओटा, बैठक, स्वयंपाकघर, मागची खोली, सगळं जसंच्या तसं. समोरची अख्खी भिंत बिजागरीवर उघडायची, म्हणजे पोरीला आत हात घालता येईल.

मग रंग. गुलमंडीतल्या दुकानदारानं शेडकार्ड पुढं केलं आणि किती लिटर लागेल असं विचारलं. बद्रीनाथरावांनी दोन चमचे सांगितलं. त्यानं कार्ड परत घेतलं. शेवटी नमुन्याच्या डब्यांवर तडजोड झाली. बद्रीनाथरावांचं म्हणणं, भिंती क्रीम असाव्यात आणि खालचा पट्टा कॉफी कलरचा असावा, म्हणजे हात लागून मळत नाही. आशाबाईंनी विचारलं, हात कुणाचे लागणार आहेत. त्यांनी पट्टा पेन्सिलीनं आखून घेतला. (उत्तर पुढं मिळालं, पण तेव्हा फार उशीर झाला होता.) स्वयंपाकघराला चिंतामणी रंग द्या, हा आशाबाईंचा लग्नापासूनचा अर्ज होता. खऱ्या घरात तो नामंजूर झाला, बाहुलीच्या घरात मंजूर झाला. ओट्याला गेरू, मागच्या खोलीला अबोली, जुन्या हिमरू शालीच्या काठाचे पडदे, बाटलीच्या झाकणाची परात आणि घड्याळाच्या सेलवर लागणारा एक बारका दिवा. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली : बद्रीनाथ वाघचौरे. खाली घर क्रमांक, रस्ता, पिनकोड.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते घरभरणीपासून.

वाघचौऱ्यांच्या खऱ्या घराची घरभरणी कधी झालीच नव्हती. टेम्पो स्वस्तात मिळाला, रजा मिळाली नाही, म्हणून ते एका रविवारी सामान घेऊन सरळ आत शिरले होते. आशाबाईंनी ते विसरायचं कारण नव्हतं.

"रिकाम्या घरात पोरगी खेळायची नाय," त्या म्हणाल्या. "आधी देव, मग पाणी, मग मीठ. मग माणसं."

बाहुलीघराला खर्च तो काय येणार, असा हिशोब करून बद्रीनाथरावांनी होकार दिला. टोपणात पाणी ठेवलं, चिमूटभर मीठ ठेवलं, चमचाभर दूध उतू घातलं. देव मात्र दुकानात सगळे प्लास्टिकचे मिळाले, तेही बेढब. तेव्हा त्यांनी देव्हाऱ्यातले कुळाचे टाक काढून आत मांडले. चांदीचे ते बोटभर टाक त्या चिमुकल्या देवघरात असे बसले, जसे काही मापानंच घडवले होते. मनवा येईपर्यंत तात्पुरता पदभार, असं त्यांनी आशाबाईंना समजावलं. मग भिंत लावून घेतली आणि वरून व्हार्निशचा शेवटचा हात मारला. व्हार्निश वाळलं, भिंत चिकटून बसली.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. फोन केला तर दूधवाला म्हणाला, घर बंद दिसलं. गॅसवाला सिलिंडर परत घेऊन गेला, कारण तेच. चार-पाच दिवसांनी शेजारचे नानासाहेब फाटकाशी उभे राहून खिडकीत बघत होते. खिडकीत बद्रीनाथराव होते. त्यांनी हात केला. नानासाहेब बघतच राहिले, मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी बद्रीनाथरावांना फोन लावला आणि विचारलं, "गावाला गेले का हो? लई दिवस घर बंद दिसतंय."

घरात चालताना पावलांचा आवाज घुमायला लागला, जसा सामान हलवलेल्या घरात घुमतो. सामान तर सगळं जागच्या जागी होतं. देव्हाऱ्यात लावलेली वात टिकेना. भिंतींना कुलूपबंद खोलीचा वास सुटला. आणि बैठकीतल्या स्टुलावर ठेवलेल्या बाहुलीघरातून, अकराच्या सुमारास, लसणाच्या फोडणीचा वास यायला लागला.

आशाबाईंनी वास घेतला. "मोहरी जास्त तडतडू दिली," एवढंच त्या म्हणाल्या.

बद्रीनाथरावांनी स्क्रू ड्रायव्हर आणला. टाक काढून परत देव्हाऱ्यात ठेवले म्हणजे प्रकरण निकाली, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्यांनी बाहुलीघराच्या दाराच्या फटीत टोक घातलं मात्र, त्यांच्या स्वतःच्या दाराच्या फटीतून लोखंड खरवडल्याचा आवाज आला. त्यांनी हात थांबवला. तिकडचा आवाज थांबला. पुन्हा टोक घातलं. पुन्हा आवाज. दार उघडून बघितलं तर ओट्यावर कुणी नव्हतं. दाराच्या लाकडावर मात्र ताजा ओरखडा होता, बोटभर खोल. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी पिशवीत घालून ठेवला आणि पिशवीला गाठ मारली.

दिवाळीची सुट्टी लागली. वच्छला, त्यांची लेक, मनवाला घेऊन सकाळच्या गाडीनं निघाल्याचा फोन आला. बद्रीनाथराव जेवण उरकून ओट्यावरच येऊन बसले. पोरीला घर दिसलं नाही तर ती सरळ कन्नडची वाट धरणार, या एकाच भीतीनं त्यांनी गळ्यात लाल मफलर घातला होता, लांबून दिसावं म्हणून. रिक्षा आली. मागं वच्छला आणि मनवा बसल्या होत्या. बद्रीनाथरावांनी दोन्ही हात हलवले. रिक्षा त्यांच्यासमोरून तशीच पुढं गेली, वळणापाशी धूळ उडाली आणि धूळ बसली तेव्हा रस्त्यावर काहीच नव्हतं.

लगेच मोबाइल वाजला.

"बाबा, पोचलो बरं का," वच्छला म्हणाली.

"कुठं पोचलात?"

"कुठं म्हणजे? घरी. अन् रंग काय सुंदर लावलाय हो स्वयंपाकघराला." तेवढ्यात ती दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "बाबा, तुम्ही इथं बसलाय, मग फोनवर कोण बोलतंय?" आणि फोन बंद झाला.

बद्रीनाथराव आत धावले. बैठकीत आशाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. बाहुलीघराचा बारका दिवा लागलेला होता, सेल कालच संपला असूनसुद्धा. आतून मनवाच्या हसण्याचा आवाज येत होता.

"पाहुणे आलेत. चहा टाकते," आशाबाई म्हणाल्या आणि नेहमीसारख्या स्वयंपाकघरात गेल्या.

कपबश्यांचा आवाज झाला. तो स्वयंपाकघरातून आला नाही, स्टुलावरून आला. बद्रीनाथरावांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं. गॅसचा ओटा कोरडा होता, त्यावर धूळ होती, आणि आशाबाई नव्हत्या.

ते स्टुलापाशी गुडघ्यावर बसले आणि हिमरूच्या पडद्याच्या फटीला डोळा लावला. आशाबाई चहा गाळत होत्या. मनवा एका गृहस्थाच्या मांडीवर बसून त्याच्या टकलावर बोटानं ढोलकी वाजवत होती. गृहस्थ पाठमोरा होता. टक्कल मात्र बद्रीनाथरावांच्या पूर्ण ओळखीचं होतं, न्हाव्यानं मागं आरसा धरला की दिसतं तेच. त्यांच्या टकलावर मनवानं आजवर कधी ढोलकी वाजवली नव्हती. (त्यांनी कधी वाजवू दिली नव्हती, हेही नमूद करायला हवं.) गृहस्थानं वाकून वासराचा आवाज काढला. पोरगी खिदळली आणि आईला म्हणाली, आपण कन्नडला नाही जायचं, इथंच राहायचं.

बद्रीनाथरावांनी चिमुकल्या खिडकीच्या काचेवर टकटक केली. आतल्या माणसानं मान न वळवता पडदा ओढून घेतला.

आता माणसाला जे येतं तेच तो करणार. त्यांनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि अर्ज लिहिला : अर्जदार हाच मूळ बद्रीनाथ असून आत बसलेले गृहस्थ कोण याची चौकशी व्हावी, व निर्णय होईपर्यंत अर्जदारास निदान नातीच्या सुट्टीपुरता आत प्रवेश द्यावा. कागदाची बारीक घडी करून त्यांनी ती चिमुकल्या दाराखाली सरकवली. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग कुणीतरी आतून सावकाश ओढून घेतली.

संध्याकाळी आशाबाईंचा फोन आला.

"अर्ज पोचला. ते म्हणतात, रहिवासाचा पुरावा जोडला नाय."

"अगं, आधार कार्ड आहे की. त्यावर हाच पत्ता आहे."

"व्हय. पण तो पत्ता आमचा हाय, असं ते म्हणतात. तुमचा कोणता, ते लिवून द्या."

बद्रीनाथरावांनी आवाज खाली आणला. "आशा, तू तरी मला ओळखतेस ना?"

पलीकडं बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"ओळखते की," आशाबाई म्हणाल्या. "म्हणून तर घाई करत नाय."

मनवा यंदा कन्नडला गेली नाही. पुरी सुट्टी आजोबांकडं राहिली, आणि पुण्याला जाताना रडली, असं बाहुलीघराच्या खिडकीतून ऐकू आलं. पुढच्या मे महिन्याचंही तिनं पक्कं केलं आहे.

अर्जदार सध्या ओट्यावर असतात. अर्ज विचाराधीन आहे.