केशर कालवडीस पडलेला गोचिडींचा वेढा

"साहेब, गोचीड नुसतं रगत पिऊन फुगती, का हागती बी?"

ऐसा सवाल दहावीच्या भर वर्गांत, जनावरांचे डॉक्टर संगमेश्वरसाहेब व्याख्यानास उभे असतां, बुद्धप्रियाबाई यांणीं बेधडक केला. त्यापासून जी मोहीम उभी राहिली, तिची हकीकत न वाढवितां, न लपवितां लिहिली जाते.

सवालाचें कारण वरवर पाहतां इतकेंच कीं, मधल्या सुट्टींत बबिता व राजकन्या या जिवलग सरदारांनीं पैज घातली, पुसशील तर खरी, नाहींतर जन्माची भित्री. वर्ग फुटला, मुलें हंसत बाकांखालीं गेलीं, परंतु बाई बसल्या नाहींत. कां कीं, त्यांच्या मनीं पैजेहून थोर पेच होता.

हदगावच्या वाटेवरील गांवीं बाईंचे तीर्थरूप भीमाजी यांचा दगडी गोठा, आणि गोठ्यांत केशर नामें लालकंधारी कालवड, बाईंनीं बाटलीनें दूध पाजून वाढविलेली. तीस गोचिडींनीं वेढा दिला. कानांत मोर्चे, शेपटाखालीं छावणी, कासेभोंवतीं खाशांचे तंबू, आणि बरगड्या मोजाव्या ऐसी कालवडीची दशा. भीमाजींनीं दर रविवारीं टपोऱ्या गोचिडी वेंचून, शिवी हासडून, भिंतीकडे भिरकावाव्या, आणि मग पुढल्या महिन्यांत दुप्पट गनीम हजर व्हावा. शेवटीं हुकूम जाहला कीं, महिनाभरांत गुण न आल्यास केशर बाजारांत उभी करावी.

डॉक्टरसाहेब हंसले नाहींत. म्हणाले, हागते, काळी भुकटी टाकते. परंतु टम्म फुगल्यावर जाते कोठें, हें कोणी पुसत नाहीं. मग फळ्यावर गनिमाची वंशावळ मांडली कीं, मादी पोट भरलें म्हणजे आपणहून गळते, भिंतीच्या भेगेंत शिरून दोन-तीन हजार अंडीं घालते आणि तेथेंच मरते; अंड्यांतून सहा पायांचीं पिलें निघोन जनावरावर चढतात, कात टाकून आठ पायांचीं होतात, पुनः कात टाकून नरमादी, आणि तीन आठवड्यांत पुनः टम्म. बाईंनीं रविवारची रीत सांगतांच साहेब वदले,

"मग तुझे बाबा गोचिडी मारत न्हाईत, पोरी. बाळंतपणाला माहेरी पोचवून राहिलेत."

ही गोष्ट बाईंनीं घरीं जैशी ऐकली तैशी सांगितली. भीमाजी लई रुष्ट जाहले कीं, तीस वर्षें जनावरें राखलीं तीं काय उगीच. तेव्हां मातोश्री सरजाबाईंनीं भाकरी थापतां थापतां निवाडा दिला कीं, महिना दिलाच हाय, तर पोरीला लढूं द्या.

मग मसलत सुरू जाहली. साहेबांनीं दिलेलें औषध केशरीचे अंगास व भिंतीस मारिलें. बबिता व राजकन्या नाकास ओढण्या बांधून, घमेलीं घेऊन कुमकेस आल्या, आणि तिघींनीं मिळून भेगा सिमेंटानें बुजविल्या. वेंचलेल्या गोचिडीस डिझेलचा डबा नेमिला. अठरा दिवस केशर निवांत रवंथ करीत होती. विसावे दिवशीं कान पाहतात तों तिळाएवढा गनीम अगणित.

भीमाजींनीं केशर बाजारास न्यावयास दाव्यास हात घातला. तथापि बाईंनीं शाळेंतून आणिलेलें भिंग डोळ्यास लावून एकाचे पाय मोजले, ते सहाच भरले. तेव्हां अर्ज केला कीं, हीं जुन्या अंड्यांचीं पिलें, अंड्यांस औषध बाधत नाहीं, म्हणोनच साहेबांनीं एकविसावे दिवशीं दुसरी चढाई नेमिली आहे. भीमाजींनीं दावें सोडिलें. दुसरी चढाई मोठ्या शर्थीनें जाहली.

बाजाराचे दिवशीं सकाळीं भीमाजींनीं केशरीस कानापासून शेपटापावेतों तपासलें. कानामागें एकच टपोरी सांपडली. ती उपटली, शिवी दिली आणि संवयीनें हात भिंतीकडे उचलला. बाईंनीं डबा पुढें केला. भीमाजींनीं आपल्या हातें ती आंत सोडिली.

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, आश्विन मासीं, येणेंप्रमाणें वेढा उठला; गनीम नामोहरम जाहला; केशरीनें पेंडीचें टोपलें चाटून साफ केलें. तेच घटकेस बुद्धप्रियाबाईंनीं डबा तीर्थरूपांचे हातीं सोंपवून मायबापां उभयतांस कळविलें,

"केशर बाजारला जाणार न्हाई. अन् डबा आता तुमीच सांभाळा, बाबा. मी पुढच्या वर्षी नांदेडला सायन्सला चालले."