तिसऱ्या बाकाच्या जागी

जुनी वास्तू टिकवायची तर तिच्यात सतत काहीतरी चालू असावं लागतं. काय चालू आहे, हा प्रश्न दुय्यम आहे.

आमच्या दोनशे वर्षं जुन्या चर्चमध्ये नुसती प्रार्थना चालायची, तीही अकरा जणांची. 'चर्च वाचवा' या निवेदनावर सह्या मात्र चार हजार दोनशे झाल्या. (त्यांत ते अकरा जण नव्हते. चर्चला काही झालंय, हेच त्यांना माहीत नव्हतं.) एवढा पाठिंबा बघून आम्ही नूतनीकरण समितीवाल्यांनी कंबर कसली. बाक काढून घडीच्या खुर्च्या आणल्या. वेदीसमोर व्यायामवर्ग, बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी बाबागाड्या, पापनिवेदनाच्या खोलीत मोबाइल चार्जिंग. उपासनेलाही जागा ठेवली: रविवारी नऊ ते पावणेदहा. (खुर्च्या घडी करून जाव्यात.) तिसऱ्या बाकाच्या जागी कॉफीचा काउंटर आला.

त्या बाकावर एक निवृत्त नर्सबाई रोज सकाळी अर्धा तास बसायच्या. नवरा होता तेव्हा दोघं तिथेच बसत. तो गेल्यावर त्या त्याच्यासाठी प्रार्थना करत. काउंटर सुरू झाला त्या दिवशी त्या आल्या, क्षणभर गोंधळल्या आणि मुकाट्याने रांगेत उभ्या राहिल्या. तेव्हापासून रोज नंबर आला की मागच्याला म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही." मग डोळे मिटायच्या.

"रोज येतात, घेत काहीच नाहीत," कॉफीवाल्याने तक्रार केली. "लोकांना वाटतं, आमची कॉफी उशिरा मिळते."

समितीने तीन बैठका घेतल्या. निष्कर्ष असा की, रांगेचा हेतू कॉफी असताना तिथे प्रार्थना करणं हा सामुदायिक जागेचा खासगी वापर ठरतो. सचिव या नात्याने बाईंना ते कळवायचं काम माझ्याकडे आलं.

"रविवारी या ना," मी म्हणालो.

"रविवारी येईनच हो. पण त्याची आठवण रोज येते, त्याचं काय करू?"

मला फार वाईट वाटलं. तशी नोंद मी इतिवृत्तात केली आणि 'रांग फक्त ग्राहकांसाठी' अशी पाटी लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून बाई आल्या नाहीत, रविवारीसुद्धा नाही. रांग मात्र बावीस टक्के जास्त वेगाने सरकते.

चर्च बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत प्रामाणिकपणे सांगतो. सगळे अगदी तुमच्यासारखेच हळहळतात. बाई राहतात कुठे, हे अजून कोणी विचारलेलं नाही. कॉफी किती वाजेपर्यंत मिळते, ते विचारतात.

साडेसहापर्यंत.