तिसरं शिंग

यंदा पोळ्याला मातीचे बैल विकत आणायचे नाहीत, असं निवृत्तीआप्पांनी ठरवलं. आणायचे कशाला? नात सृष्टीनं केलेला मातीचा बैल खिडकीत वाळत होता की! (सातपूरच्या फ्लॅटात वाढूनही पोरीला बैल सुचला, याचं आप्पांना कोण कौतुक.)

फक्त बैल जरा चुकला होता. नाकावर एक शिंग जास्तीचं. वशिंड पाठीवरून घसरून मानेमागं सुपासारखं पसरलेलं. शेपूट तर मुसळाएवढं.

'शहरातलं लेकरू, बैल जवळून पाह्यलाय कुठं!' आप्पांना माया आली. नांदगावला उभा जन्म बैलांमागं चाललेला माणूस. त्यांनी बोटं पाण्यात बुडवली. जास्तीचं शिंग अलगद पिळून काढलं, तिथं भोक पाडून सुतळीची वेसण ओवली. सूप चेपत चेपत पाठीवर नेलं. शेपूट वळून बारीक केलं. उरलेल्या शिंगांना हिंगूळ लावला, पुरणपोळीचा निवद दाखवला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

सृष्टी क्लासवरून आली.

"आप्पा, माझा ट्रायसेराटॉप्स कुठंय?"

"कोण गं?"

"तीन शिंगांचा डायनासोर! उद्या शाळेत प्रदर्शन आहे, मार्क आहेत त्याला!"

आप्पांनी खिडकीकडं बोट केलं. सृष्टी धावत खिडकीशी गेली.

"ह्याला वेसण कुणी घातली?"

"मला वाटलं बैल हाय. गवतच खायचा ना गं तो?"

"पाला खायचा. पण..."

"मंग लय काय चुकलं नाय..." म्हणता म्हणता आप्पांचंच तोंड उतरलं.

"चार दिवस खपत होती हो ती, आप्पा!" सूनबाई निकिता आतून म्हणाली.

आप्पांनी पुरणपोळीला हात लावला नाही. शिंग परत बसवत राहिले. ते वाळून गेलेलं; टेकवलं की गळायचं. आप्पांनाच नाक उरलं नव्हतं, तर शिंग कशावर टिकणार?

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच शाळेत गेले. वेसण घातलेला ट्रायसेराटॉप्स मांडलेल्या टेबलाशेजारी मान खाली घालून उभे राहिले. बाई आल्या तसे हात जोडले.

"बाई, पोरीचे मार्क कापू नका. चूक माझी हाय."

बाईंनी हसू दाबलं. "सृष्टी, हा प्राणी पृथ्वीवरून नाहीसा कसा झाला?"

"बाकीचे कसे गेले ते पुस्तकात आहे, बाई. हा आप्पांनी संपवला."

बाईंनी पहिला नंबर दिला. अट एकच, प्रदर्शन संपेपर्यंत आजोबांना टेबलाजवळून हलवायचं नाही.