परमुलखी सात खड्यांची हकीकत

श्री सागर प्रसन्न. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, भाद्रपद शुद्ध षष्ठी, गुरुवार, गौर यावयाचे दिवशी दक्षिण समुद्री पेंग्विनांचे मुलखात वर्तमान जाहले ते ऐसे जे, चिपळूणच्या कुमुदिनीबाई आपली लेक मैथिलीबाई यांचे बाळंतपणास तेथील एका बेटावर आल्या होत्या, आणि सत्तावीस वर्षे त्यांची खड्यांची गौर चुकली नव्हती, सबब पाण्याकाठचे सात खडे मुक्याने उचलून लेकीचे घरी बसवावे ऐसा मनसुबा धरून बाईंची स्वारी लेकीसह किनाऱ्यास दाखल जाहली. तेथे काळे अंगरखे, पांढरी पोटे, लाल चोची ऐसे हजारो सरदार उभे. बाईंनी सात खडे पदरात घेतले तो राखणदार धावत येऊन काही बोलला. मैथिलीबाई म्हणाल्या, "आई, ठेव खाली. इथला एक खडाही न्यायचा नाही म्हणतो." गौर हाती असता बोलणे मना, म्हणोन बाईंनी डोळे वटारले आणि सात बोटे दाखविली. "सात असोत नाहीतर सत्तर, आई. यांची घरटी खड्यांचीच असतात. नर एकेक खडा आणून मादीपुढे ठेवतो. तिला पटला तर ठीक, नाहीतर जा परत. अंड्यांना पाणी लागू नये म्हणून उंच रचतात. दोन अंडी, आणि उबवायला दोघं पाळीपाळीने." बाईंनी जावयाचे स्मरण करून भिवई उचलली. "शिकेल तोही," मैथिलीबाई म्हणाल्या. मग बाईंनी जड हाते खडे खाली ठेविले आणि पाच पावले मागे सरून बसल्या, परंतु गौर अजून बसली नव्हती, सबब बोलणे मनाच राहिले. इतक्यात एक सरदार डुलत आले आणि त्यातला गुळगुळीत खडा चोचीत धरून चालते जाहले. "शेजाऱ्यांचेसुद्धा पळवतात मेले," मैथिलीबाई हसल्या. सरदारांनी तो कुटुंबापुढे ठेवून लवून मुजरा केला, आणि कुटुंबाने मान वाकडी करून पाहिला, चोचीने उलटून पाहिला, मग पोटाखाली ओढून घेतला. सरदार पुन्हा आले. ऐशा सात खेपा जाहल्या, एकही खडा नापसंत जाहला नाही, आणि बाई एकेक बोट मिटीत गेल्या. सातवे बोट मिटले तेव्हा म्हणाल्या, "बसली गं बाई."

मैथिलीबाईंनी आपल्या पोटावर हात ठेवून रीतीप्रमाणे पुसले, "कोणत्या पावलांनी आली?"

"तीन बोटांच्या," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याहून चांगल्या घरी गेली. चल, खीर करू."

एकूण सारांश, खडा मुलखाबाहेर गेला नाही, मौन मोडले नाही, आणि अठ्ठाविसावी गौर सुखरूप दुसऱ्या बाळंतिणीचे घरी बसली.