लभडे भाऊसाहेबांचा परस

लभडे भाऊसाहेब कोणाच्याही मळ्यात गेले की आधी विहिरीत डोकावत आणि मग माणसांकडे बघत. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं उरली असताना हा गृहस्थ मुलीकडच्यांच्या विहिरीवर ओणवा होऊन दोर सोडत होता. अक्षता पडल्यावर मांडवात आले, नवरदेवाच्या हातात आहेर ठेवला आणि मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी चांगल्या घरी दिलीत. आता नवीन बोअर तेवढं घेऊ नका." ते गृहस्थ अजूनही भेटले की माझी चौकशी करत नाहीत, लभड्यांची करतात.

आम्ही दोघं ग्रामसेवक. मी वरच्या आंबेवाडीचा, ते खालच्या आंबेवाडीचे. राहायला दोघंही नाशकात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कितीतरी वर्षं आम्ही सकाळी तिथल्या द्वारका चौकातून एकच एसटी धरत होतो आणि पिंपळगाव बसवंतला उतरून आपापल्या गावाला जात होतो. आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. दोन्ही गावं एकाच ओहळावर, एकमेकांना चिकटून. तिथे दोन भाऊसाहेब झाले की घोटाळा होणारच. लोकांनी तो आपल्या पद्धतीने सोडवला. ते झाले 'पाण्याचे भाऊसाहेब' आणि मी 'दाखल्याचे भाऊसाहेब'.

मी स्पष्टच सांगतो, मी त्यांच्यावर जळत होतो. माझं दप्तर बघून साहेबांनी दोनदा शाबासकी दिली होती. माझी घरपट्टीची वसुली चोख होती. लभड्यांच्या कपाटात दप्तराखाली चिखलाच्या चपला असत. पण माझ्याच गावातल्या बाया त्यांना ओट्यावर बसवून ताक देत आणि मला विचारत, "भाऊसाहेब, पोराचा जन्माचा दाखला कधी देता?" ताकाचं नावही कोणी काढत नसे.

त्यांचं बोलणं तरी काय होतं? "कसे आहात" असं त्यांनी कोणाला कधी विचारलं नाही. ते विचारत, "तळ काय म्हणतोय?" विहिरीचा तळ, हे त्यांना गृहीत असे. एकदा माझ्या घरी आले आणि सासऱ्यांना हेच विचारलं. सासरे मूळव्याधीने बेजार होते. त्यांनी पाऊण तास मनापासून उत्तर दिलं. लभड्यांनी ते मान डोलावत ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "उपसा कमी करा." गंमत म्हणजे सासऱ्यांना त्याने बरं वाटलं. आमच्या घरातही त्यांचं नाव झालं, आणि मी आठवडाभर सासऱ्यांशी तुटक बोलत होतो.

मग द्राक्षांचं वारं आलं. जो तो बाग लावू लागला, जो तो बोअर घेऊ लागला. दोन उन्हाळे दोन्ही गावांच्या पिण्याच्या विहिरी आटल्या आणि टँकर लागला. लभड्यांनी दोन्ही ग्रामपंचायतींसाठी एकच ठराव लिहिला. नवीन बोअर कोणी घ्यायचं नाही आणि पिण्याच्या विहिरीत दोन परस पाणी उरलं की दोन्ही गावांनी बागांच्या मोटारी बंद करायच्या. माणूस हात वर करून उभा राहिला की पायापासून बोटांच्या टोकापर्यंत होतो तो एक परस. आमच्याकडे विहीर अशीच मोजतात.

आता माणूस कोणता घ्यायचा? लभडे माझ्या खांद्याला लागतात. "परस उंच माणसाचा हवा," असं म्हणून त्यांनी मला द्वारकेच्या स्टॉपवर भर गर्दीत हात वर करून उभं केलं आणि सुती दोर लावून मोजलं. लोकांना वाटलं, मला पोलिसांनी धरलं. एका म्हाताऱ्याने विचारलंसुद्धा, "काय केलं हो ह्यांनी?" लभडे गाठ मारत म्हणाले, "अजून काही नाही."

ठराव खालच्या गावात सहज झाला. आमचे बागाईतदार मात्र अडून बसले. सरपंचांनी मला बजावलं, "ठराव नाय झाला आन पुन्हा टँकर लागला, तर तुमच्या बदलीचं लिहून देईन. जा तिकडं लांब डोंगरात, सुरगाण्याला." मुलगी दहावीला होती. माझी झोप उडाली. शेवटी लभड्यांनी पाठवलेला, परसापरसावर गाठ मारलेला दोर बागाईतदारांनी स्वतः विहिरीत सोडला, ओल्या गाठी मोजल्या आणि म्हणाले, "एवढं पाणी हाय व्हय? मग दोन परस उरायला लय येळ हाय. करा ठराव." ठराव झाला. पुढचे दोन उन्हाळे टँकर आला नाही. सगळं नाव अर्थातच पाण्याच्या भाऊसाहेबांचं झालं. ठरावावर माझीही सही होती, ती कोणी वाचली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर लभडे त्यांच्या गावचा दोर माझ्या कचेरीत विसरून गेले. मी सहज आमचा दोर शेजारी ठेवला. त्यांच्या दोन गाठींमधलं अंतर आमच्यापेक्षा दीड वीत जास्त होतं. मला जो आनंद झाला तो सांगताना आज लाज वाटते. इतक्या वर्षांत लभड्यांची पहिली चूक सापडली होती आणि ती पाण्यातच सापडली होती. मी ती त्यांना एकट्याला सांगितली नाही. दोन्ही गावांच्या एकत्र सभेत, शाळेच्या पटांगणात, मी दोन्ही दोर सर्वांसमोर शेजारी शेजारी पसरले.

खालचे सरपंच ताडकन उठले. "म्हंजी आमच्या मोटारी दोन साल आठ-आठ दिस आधी बंद, आन हे वरचे उपसत बसले? भाऊसाहेब, तुम्ही आमचं मीठ खाऊन आम्हालाच बुडवलं? फाडा तो ठराव."

पाण्याचा विषय आणि लभडे गप्प, असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते मान खाली घालून दोराची गाठ चाचपत होते. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. लांब दोर माझ्या उंचीचा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या गावाला दिला होता. आखूड दोर त्यांच्या स्वतःच्या उंचीचा होता. आखूड परसाने मोजलं की पाणी जास्त भरतं. म्हणून तर आमच्या बागाईतदारांनी ठराव मानला होता. हे त्यांनी तिथे सांगितलं असतं तर त्यांच्या गावाने त्यांना पुन्हा दारात उभं केलं नसतं, आणि ठरावही गेला असता.

मी उठलो. म्हणालो, "चूक माझी आहे. आमचा दोर कचेरीमागच्या टाकीत महिनोन्‌महिने भिजत पडला होता. सुताचा दोर, आटला. आजपासून आमचं गावही लांब दोराने मोजेल."

आमच्या बागाईतदारांनी माझा उद्धार केला. "तुमच्या भिजल्या दोरापायी आमच्या मोटारी आधी बंद काय?" पण दोन उन्हाळे दारात टँकर नसल्याची सवय बायकांना झाली होती आणि त्या सभेत पुढेच बसल्या होत्या. त्यांच्यापुढे कोणाचं फार चाललं नाही. ठराव राहिला. सभा सुटताना लोक म्हणत होते, पाण्याचे भाऊसाहेब होते म्हणून निभावलं. खोटं मी बोललो, शिव्या मी खाल्ल्या, नाव त्यांचं झालं. खरं सांगतो, तेव्हाही पोटात दुखलंच.

परतीच्या एसटीत लभडे ओझर येईपर्यंत दोन्ही दोर गुंडाळत बसले. मग मीच विचारलं, "लभडे, आमचा दोर आखूड का केलात?"

"तुमच्या गावाने मोठा परस मानला नसता. तुम्ही सुरगाण्याला गेला असता."

"गेलो असतो. तुमचं काय जात होतं?"

"मंडळी गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही. सकाळी द्वारका ते पिंपळगाव, तेवढंच काय ते बोलणं होतं."

मला कानकोंडं झालं. त्या प्रवासात त्यांनी पाण्याचं सुरू केलं की मी डोळे मिटून घेत असे.

"अहो, पण मी तर झोपलेला असायचो," मी म्हणालो.

"माहीत आहे की," लभडे म्हणाले. "शेजारी माणूस असला की बोलता येतं."